नव्या विहिरीला गाव ‘नको’ म्हणतं तेव्हा

ग्रामसभा होती. टेबलावर नकाशा पसरला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते. पाणी योजनेची नवी विहीर ओढ्याकाठी घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, “पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय. पिण्यायोग्य.”

मागच्या रांगेतून साठी ओलांडलेल्या एक मावशी उठल्या. “साहेब, रिपोर्ट कुठल्या महिन्यातला?”

“मार्चमधला.”

“मार्चात ओढा कोरडा असतो. आषाढात या. वरच्या आळीचं सगळं घाण पाणी तिथनंच जातं. आणि ढोरं मेली की आम्ही त्याच पट्टीत पुरत होतो.”

मग एकच गलका झाला. कुणी म्हणालं, चांगल्या कामात खोडा घालू नका. कुणी भावकीचा जुना वाद काढला. इतिवृत्तात शेवटी एवढीच ओळ आली : ‘काही ग्रामस्थांनी विरोध केला.’ मावशींचा प्रश्न कुठंच नोंदला गेला नाही. त्या दिवशी मीही तिथं होते, आणि ते मला आजही खटकतं, कारण विहिरीची जागा ठरवताना भूवैज्ञानिकानं पहिल्यांदा जे विचारायला हवं, तेच मावशी विचारत होत्या. हे पाणी कुठून येतं, आणि पावसात त्याचं काय होतं?

विहिरीला होणारा प्रत्येक विरोध पाण्याच्या काळजीपोटी असतो असं नाही. जमिनीचा मोबदला असतो, बांधाचं भांडण असतं, राजकारण तर असतंच. पण काळजी खरी असेल तर ती नेमक्या शब्दांत मांडता यायला हवी. त्यासाठी जमिनीखाली काय चालतं ते थोडं समजून घेऊ.

विहीर ही टाकी आहे असं आपण नकळत धरून चालतो. खड्डा खणला, त्यात पाणी साठलं, ते तपासलं, चांगलं निघालं, झालं. प्रत्यक्षात विहीर म्हणजे जमिनीखालच्या वाहत्या पाण्याला पाडलेलं भोक. आज दिसणारं पाणी उद्या उपसलं जाईल आणि त्याच्या जागी दुसरीकडचं पाणी येईल. रोज तासन्‌तास पंप चालवला की विहिरीभोवतीची भूजलाची पातळी उतरते, जमिनीखाली नरसाळ्याच्या आकाराचा खोलगट भाग तयार होतो, आणि चहूबाजूंचं पाणी त्या उतारानं विहिरीकडे ओढलं जातं. उपसा वाढला की नरसाळं रुंद होतं. पूर्वी बाजूनं निघून जाणारं पाणी मग विहिरीत उतरू लागतं. म्हणून पंप चालू व्हायच्या आधी घेतलेला नमुना त्या घडीच्या पाण्याबद्दलच बोलतो. योजना सुरू झाल्यावर नळाला कुठलं पाणी येईल, हे त्यातून कळत नाही.

हे किती महागात पडू शकतं ते कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावानं भोगलं. ओंटारिओ प्रांतातलं हे गाव, वस्ती पाच हजारांच्या आतबाहेर. 1978 मध्ये तिथं गावासाठी पाच नंबरची विहीर घेतली गेली. ती उथळ होती. वर जेमतेम अडीच मीटर माती, खाली भेगाळलेला खडक, आणि पाणी मिळत होतं ते साधारण पाच ते आठ मीटरांवरच्या भेगांमधून. शेजारी शेतं होती. विहीर सुरू करण्याआधी पंप चाचणी झाली, आणि उपसा सुरू केल्यापासून दिवसभरातच पाण्यात विष्ठेतले जिवाणू दिसले. म्हणजे जमिनीवर जे पडतं ते फारसं न गाळताच विहिरीत पोचतं, हे त्याच वेळी समोर आलं होतं. भोवतालची जमीन ताब्यात घेण्याचा विचार करा, असं सल्लागारांनी अहवालात सुचवलंही. ते झालं नाही. क्लोरीन टाकायचं ठरलं आणि विहीर 22 वर्षं गावाला पाणी देत राहिली.

मे 2000 मध्ये चार-पाच दिवसांत तिथं 134 मिलिमीटर पाऊस झाला. शेजारच्या शेतात एप्रिलअखेर शेणखत पडलं होतं. त्यातला ई. कोलाय ओ157 हा घातक जिवाणू पावसाच्या पाण्याबरोबर खडकाच्या भेगांत उतरला आणि विहिरीत आला. घाण इतकी होती की टाकलेलं क्लोरीन तिच्यातच संपलं. कर्मचारी रोज उरलेलं क्लोरीन मोजतच नव्हते, वहीत अंदाजे आकडे लिहीत होते. 17 मेला प्रयोगशाळेनं पाणी दूषित असल्याचं कळवलं, तेही दाबून ठेवलं गेलं. पाणी उकळून प्या, हा इशारा आरोग्य विभागानं स्वतःहून 21 मेला दिला. तोवर घरोघरी मुलांना रक्ताचे जुलाब सुरू झाले होते. 7 माणसं गेली, 2300 हून अधिक आजारी पडली. कित्येक मुलांच्या मूत्रपिंडांना इजा झाली.

पुढं न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशीत एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या शेतकऱ्यानं खत टाकलं त्याचा दोष नव्हता, त्यानं सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. पाण्यातलं क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं विहिरीवर असती तर ही साथ टळली असती, असंही आयोगानं म्हटलं. त्यानंतर ओंटारिओनं 2006 मध्ये कायदा केला आणि सार्वजनिक विहिरींभोवती संरक्षणाची वर्तुळं आखली. पहिलं 100 मीटरचं. पुढची वर्तुळं अंतरावर ठरत नाहीत, वेळेवर ठरतात : जिथून पाणी विहिरीत यायला 2 वर्षं लागतात तो पट्टा, मग 5 वर्षांचा, मग 25 वर्षांचा. मला ही कल्पना फार पटते. एखादा उकिरडा विहिरीपासून किती फुटांवर आहे याला अर्थ आहेच, पण त्याचं पाणी विहिरीत किती दिवसांत पोचेल हा त्याहून नेमका प्रश्न आहे.

आता हा प्रश्न आपल्या जमिनीला लावून बघा. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांच्या वर भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. विहीर खणणाऱ्याला विचारलं तर तो थर सांगतो : वर माती, मग मुरूम, मग कच्चा खडक, मग पक्का. पाणी साठतं ते बहुतेक मुरमात, कच्च्या खडकात आणि पक्क्या खडकाच्या भेगा-सांध्यांत. नदीकाठच्या जाड वाळूतून पाणी हळूहळू झिरपतं तेव्हा वाळू गाळणीचं काम करते, जिवाणू अडकतात, वाटेत मरतात. भेगेतून पाणी पळतं. तिथं गाळणी नाही. दहा-पंधरा मीटर अंतर राखलं की शौचालयाची भीती नाही, असा एक ठोकताळा आपल्याकडे सर्रास वापरला जातो. मातीत तो बऱ्यापैकी चालतो. पण भेगाळलेल्या खडकात, शोषखड्ड्याचा तळ जर त्याच भेगेवर असेल, तर तो आकडा काही वाचवत नाही. त्यातून आपण ज्याला सेफ्टी टँक म्हणतो त्या टाकीचा तळ बऱ्याच ठिकाणी पक्का केलेलाच नसतो, कारण तळ मोकळा असला की टाकी लवकर भरत नाही. ती भरत नाही याचा अर्थ आतलं पाणी खाली जातंय.

पावसाळ्यात यात आणखी भर पडते. भूजल वर येतं, शोषखड्ड्यांपर्यंत पोचतं, आणि एरवी कोरड्या असलेल्या वाटा एकमेकींना जोडल्या जातात. माझ्या लहानपणी पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या विहिरीचं पाणी ताकासारखं व्हायचं. आजी कळशीत तुरटी फिरवायची, गाळ तळाशी बसायचा, वरचं पाणी आरशासारखं. आम्ही ते प्यायचो आणि दर वर्षी घरात कुणाला तरी जुलाब व्हायचे. तुरटीनं माती खाली बसते. जंतू पूर्ण जात नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत विहिरीचा रंग बदलतो याचा अर्थ वरचं पाणी फारसं न गाळता आत येतंय. मावशींना रिपोर्टचा महिना का विचारावासा वाटला, ते इथं कळतं.

रिपोर्ट म्हणजे नेमकं काय, तेही बघू. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आयएस 10500, सध्याची आवृत्ती 2012 ची. त्यानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही दिसता कामा नये. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत. फ्लोराइड 1 पर्यंत, दुसरा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, नसेलच तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. विरघळलेले क्षार 500 पर्यंत, नाइलाज असेल तर 2000. हे आकडे पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते हे की प्रयोगशाळा जे शोधते तेवढंच तिला सापडतं. नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जिवाणू असतात. कीटकनाशकं, कारखान्यातली द्रावकं (तेलकट मळ विरघळवणारी रसायनं), जड धातू यांची तपासणी वेगळी मागावी लागते. विहीर द्राक्षबागेच्या खालच्या अंगाला असेल, किंवा जुन्या एमआयडीसीच्या उताराला असेल, आणि रिपोर्टमध्ये या गोष्टी नसतील, तर ‘पिण्यायोग्य’ हा शब्द अर्धाच खरा आहे.

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या वोबर्न शहरात नेमकं हेच झालं. तिथं चामडं कमावण्याचा आणि रसायनांचा जुना धंदा होता. 1958 मध्येच अभियंत्यांनी लिहून दिलं होतं की अ‍ॅबरजोना नदीच्या खोऱ्यातलं भूजल सार्वजनिक पुरवठ्यासाठी फार दूषित आहे. तरी शहरानं 1964 मध्ये ‘जी’ आणि 1967 मध्ये ‘एच’ अशा दोन विहिरी त्याच खोऱ्यात घेतल्या. पूर्व वोबर्नच्या लोकांनी लगेच तक्रारी सुरू केल्या : पाण्याला वास येतो, चव घाण आहे. उत्तर मिळत राहिलं की पाणी मानकात बसतं. बसत होतंच, कारण त्या काळच्या तपासणीत द्रावकं शोधलीच जात नव्हती. मे 1979 मध्ये जवळच्या मोकळ्या जागेत टाकून दिलेली 184 पिंपं सापडली, म्हणून विहिरींचं पाणी रसायनांसाठी तपासलं गेलं. ट्रायक्लोरोएथिलीन हे धातू पुसायचं द्रावक लिटरला 267 मायक्रोग्रॅम निघालं. अमेरिकेतली आजची मर्यादा 5 आहे. विहिरी बंद झाल्या. तोवर त्या वस्तीतल्या बऱ्याच मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता. 1990 च्या दशकात राज्याच्या आरोग्य विभागानं केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी आईनं ते पाणी पिण्याशी या आजाराचा संबंध दिसून आला.

वोबर्नमधली आणखी एक गोष्ट मला इथं सांगायलाच हवी. नदीच्या पलीकडची घाण विहिरीत येऊच शकत नाही, मध्ये नदी आहे, असा युक्तिवाद तिथं झाला होता. 1985 च्या डिसेंबरात दोन्ही विहिरींवर महिनाभर पंप चालवून बघितला, तर नदीच्या पलीकडच्या जमिनीखालचीही पातळी उतरली. नरसाळं नदी ओलांडून गेलं होतं. आपल्याकडेही ओढा, नाला, रस्ता यांना सीमा मानलं जातं. जमिनीखाली या सीमा चालतातच असं नाही.

“घाण असली तर असू दे, आपण क्लोरीन टाकतोच की,” हे उत्तर प्रत्येक सभेत येतं. त्यात तथ्य आहे. क्लोरीननं जगात लाखो जीव वाचवले आहेत आणि आपल्या गावोगावच्या जलसुरक्षकांनी ओंजळीनं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून कॉलरा-गॅस्ट्रोच्या साथी रोखल्या आहेत. पण तिचं काम कसं चालतं ते बघा. चार मीटर व्यासाची विहीर, आत पाच मीटर पाणी, म्हणजे सुमारे 63 हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर जवळपास 160 ग्रॅम लागते. ही झाली स्वच्छ पाण्याची गोष्ट. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन आधी त्या घाणीवर खर्च होतं आणि जंतूंसाठी उरत नाही. पोत्याचं तोंड उघडं राहिलेली पावडर दमटपणानं मेलेली असते, मग 160 ग्रॅम टाका की 300. म्हणून किती टाकलं यापेक्षा शेवटच्या नळाला किती उरलं ते बघायचं असतं : लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम. काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन ओटी (ऑर्थोटोलिडीन) या रसायनाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. फिका लिंबासारखा आला तर ठीक. काहीच रंग आला नाही तर त्या नळाचं पाणी राम भरोसे आहे.

आणि काही गोष्टींपुढं क्लोरीन हतबल आहे. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार, रसायनं यांना ते हातही लावत नाही. उकळून तर नायट्रेट वाढतं, कारण पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा सगळ्यात जास्त धोका. मग खोल बोअर घेऊ, वरची घाण टळेल, असं कुणी सुचवतं. टळते, पण खोल पाणी खडकाशी जास्त काळ राहिलेलं असतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं लोकांचे दात आणि हाडं खराब झाली. अकोला-बुलडाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात खाली गेलं की पाणी खारटच लागतं. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये तलावाच्या पाण्यातले जंतू नकोत म्हणून लाखो हातपंप बसवले, आणि त्यातून आर्सेनिक आलं.

आपल्या दाराशी आलेली ताजी घटना पुण्याची. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड (पुण्याजवळचं गाव, जिल्हा नव्हे), किरकटवाडी या भागांत गियाँ बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. पायांतली ताकद जाते, मग हातांतली, काहींना श्वासासाठी यंत्र लागतं. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू मिळाला. तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. चर्चा लगेच नांदेडच्या मोठ्या विहिरीवर आली. महापालिकेत 2021 मध्ये आलेल्या गावांना तिथून पाणी मिळत होतं आणि त्या पाण्यावर गाळण प्रक्रिया नव्हती, फक्त क्लोरीन होतं. गावाची वस्ती झपाट्यानं वाढली, सोसायट्या उभ्या राहिल्या, सांडपाणी वाढलं, आणि विहीर मात्र गावाच्या काळातलीच राहिली.

कायदा काय म्हणतो? 1993 चा पिण्याच्या पाण्यासाठीचा भूजल कायदा आणि त्यानंतरचा 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम, दोन्हींत सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय दुसरी विहीर घेता येत नाही. लोकांना हा आकडा माहीत असतो आणि ते समजतात की 500 मीटर म्हणजे पाणी सुरक्षित. तसं नाही. तो नियम दुसऱ्याच्या उपशानं गावचं पाणी आटू नये म्हणून आहे. त्या 500 मीटरांत किती शोषखड्डे आहेत, हे तो मोजत नाही. तो शोध स्वच्छता सर्वेक्षणात लागतो. उद्भवाजवळ उकिरडा आहे का, ओटा फुटलाय का, कठडा आहे का, सांडपाणी साचतं का, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते कार्ड आपल्या गावाचं कुठल्या रंगाचं आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. विचारा.

विरोध करायचा असेल तर ‘विहीर नको’ एवढंच लिहू नका, त्यावर उत्तर देणं फार सोपं असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं दिलेल्या उद्भव प्रमाणपत्राची प्रत मागा. प्रमाणपत्र पाणी पुरेल याचं आहे की ते शुद्ध राहील याचंही, ते वाचा, कारण बहुधा पहिलंच असतं. पंप चाचणी किती तास झाली आणि पाण्याचे नमुने तिच्या सुरुवातीला घेतले की शेवटी, हे विचारा. वॉकर्टनला खरं काय ते पंप चालवल्यावरच दिसलं होतं. पावसाळ्यातला एक नमुना लेखी मागा. वरच्या अंगाला शंभर-दोनशे मीटरांत काय काय आहे याचा हातानं काढलेला नकाशा जोडा : शौचालयं, गोठे, बागा, जुने कारखाने, स्मशान, ढोरं पुरण्याची जागा. हे सरकारी नकाशावर नसतं, म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. आणि पर्यायी जागा सुचवा. बऱ्याचदा विहीर रद्द करायची गरजच नसते. वस्तीच्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला सरकवली, वरचे काही मीटर सिमेंटनं पक्के बांधून मुरमातलं पाणी अडवलं, पाणी नळाला सोडण्याआधी गाळण बसवलं, तर तीच योजना चांगली होते.

मावशींनी पुढच्या आषाढाची वाट पाहिली नाही. ज्या जागेला विरोध होता त्याच्याच शेजारच्या जुन्या आडातून, तीन दिवसांच्या झडीनंतर, त्यांनी आणि शाळेतल्या बाईंनी तीन एचटूएस बाटल्या भरल्या. या छोट्या बाटल्यांत आधीच एक द्रव्य असतं. पाणी खुणेपर्यंत भरायचं, तोंडाला बोट लागू द्यायचं नाही, झाकण घट्ट लावून उबदार जागी ठेवायचं. दूषित असेल तर दोन दिवसांत पाणी काळं पडतं. त्यांनी बाटल्या चुलीच्या वरच्या फळीवर ठेवल्या, पिठाच्या डब्याशेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन काळ्या होत्या, तिसरी संध्याकाळपर्यंत. त्या तिन्ही बाटल्यांचा फोटो, तारीख आणि नमुना कुठून घेतला ते लिहून अर्ज गेला, त्यावर पोच घेतली. या वेळच्या इतिवृत्तात पूर्ण ओळ आली : ‘पावसाळ्यात फेरतपासणी करूनच जागा निश्चित करावी.’